सगळ्या तक्रारी निकाली

फेरपरीक्षेच्या चाळीस पेपरांपैकी एकतीस पेपरांत तीच चूक होती. ओतिलिया पिएत्शिकबाईंनी एकतीस वेळा लाल पेन्सिल ओढली, एकतीस वेळा समासात तेच वाक्य लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक बोथट झालं तेव्हा कुठे मान वर केली.

चूक तशी साधीच. 'प्रत्येक क्ष असा असा आहे' एवढंच दिलेलं असताना पोरं खुशाल लिहून मोकळी होत, की 'म्हणजे असा निदान एक क्ष आहेच'. 'प्रत्येक'ची खूण म्हणजे घराचं छप्पर काढायचं आणि 'निदान एक'ची खूण म्हणजे तेच छप्पर उताणं. बाई सव्वीस वर्षं फळ्यावर ही दोन छपरं काढत आल्या होत्या आणि सव्वीस वर्षं एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, "छप्पर दिसलं म्हणून घरात माणूस आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं? आधी दार उघडून बघा."

उदाहरणही ठरलेलं. बाई फळ्यावर लिहायच्या, 'माझी सगळी मुलं प्रोफेसर आहेत.' मग वर्गाकडे वळून विचारायच्या, खरं की खोटं? बाईंचं लग्न झालेलं नव्हतं हे अख्ख्या अध्यापक महाविद्यालयाला ठाऊक होतं. वर्ग हसायचा, खोटं म्हणायचा. "मग दाखवा मला माझं एखादं मूल, जे प्रोफेसर नाही," बाई म्हणायच्या. दाखवणार कुठून? तेव्हा वाक्य खरं. बाई खाली दुसरं लिहायच्या, 'माझी सगळी मुलं तुरुंगात आहेत.' तेही तितकंच खरं. जिथे कोणीच नाही तिथे वाटेल ते खरं. दरवर्षी एवढं सांगून बाई खडूचे हात झटकायच्या आणि दरवर्षी चाळिसातले तीसेक जण ते विसरायचे.

टेबलावर तीन प्रकारचे केक होते. विद्यार्थ्यांनी परीक्षकासमोर खायचं ठेवायची तिथली रीत, आणि सप्टेंबर असा उकाड्याचा, की क्रीम घरंगळून कागदाच्या ताटलीला चिकटलेलं. शेजारच्या टेबलावरचे परीक्षक प्रश्न विचारता विचारता बोटं चाटत आणि त्याच बोटांनी विद्यार्थ्याच्या गुणपुस्तिकेचं पान उलटत. बाईंनी आजवर एका केकला हात लावला नव्हता. त्याचा त्यांना थोडा गर्वही होता, आणि गर्व असलेल्या माणसाची पंचाईत अशी, की केक मोजताना तो बाकीचं मोजायचं विसरतो.

त्या दिवशी दुपारी माल्विना आली. तर्कशास्त्रात जूनलाच पास झालेली, उंच, खांदे पाडून चालणारी मुलगी. केक आणला नव्हता. एक घडी घातलेला कागद आणला होता.

"डॉक्टरबाई, दोन मिनिटं."

"तुझा पेपर तर झाला माझ्याकडचा."

"तुमच्याबद्दल नाही. झेप्कासरांबद्दल आहे."

प्रोफेसर लुदोमिर झेप्का शिक्षणाचा इतिहास शिकवत. शिकवत म्हणजे जूनमध्ये निम्म्या वर्गाला नापास करत आणि सप्टेंबरात पास करत. गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे, त्यांचा बागेचा तुकडा होता. त्यात आलुबुखाराची अकरा झाडं. सप्टेंबरात फळ पिकलं, की नापास झालेल्यांनी तिथे जायचं, फळं तोडायची, बिया काढायच्या, आणि मोठ्या पातेल्यात तीन तीन दिवस मुरंबा ढवळायचा. ढवळून झालं की गुणपुस्तिकेत तीन. तीन म्हणजे पास. माल्विनाच्या कागदात हे सगळं तारखांसकट लिहिलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की मी जाणार नाही, माझी परीक्षा दुसऱ्या परीक्षकाकडून घ्यावी. तीस तारखेपर्यंत गुणपुस्तिकेत सही नाही मिळाली तर नाव कमी होणार होतं, आणि नाव गेलं की वसतिगृहातली खाटही.

बाईंनी कागद वाचला. कागद चांगला होता. कुठे रड नाही, कुठे विशेषणं नाहीत. त्यांनी तो घडी घालून परत दिला.

"कार्यालयात दे. तक्रारींची आवक वही असते तिथे. नोंद कर, क्रमांक घे."

"त्याने होईल?"

"प्रत्येक तक्रारीचा चौदा दिवसांत अंतिम निकाल लागतो. दरवर्षीच्या अहवालात असतं ते वाक्य. मी स्वतः तपासून सही करते त्यावर, आठ वर्षं."

मुलीने जरा विचार केला. "कोणाची निकाली लागलेली बघितलीत तुम्ही, डॉक्टरबाई?"

"माल्विना, 'प्रत्येक' म्हटल्यावर तूही त्यात आलीस. जून महिन्यात चार गुण मी काय उगाच दिले तुला?"

माल्विना हसली नाही. आभार मानून गेली. बाईंनी नवी पेन्सिल काढली आणि पुढचा पेपर उघडला.

पाच दिवसांनी डीनसाहेबांचं बोलावणं आलं. वीस ऑक्टोबरला राजधानीतून तपासणी समिती यायची होती. सहा वर्षांतून एकदा येणारं संकट. सेवेरिन ग्झेलाक डीन झाल्याला तीन वर्षं झाली होती. चोवीस वर्षांपूर्वी तो बाईंच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा आणि त्या वर्षी तर्कशास्त्रात पाचपैकी पाच मिळवणारा तो एकटाच होता. बाईंना त्याचं कौतुक होतं. अंगावर बेताचा सूट, टेबलावर बेताचे कागद, आवाजही बेताचा.

"ओतिलियाबाई, बसा. अहवाल तयार आहे. त्रेसष्ट वाक्यं आहेत, मी क्रमांक घातलेत. समितीला एकही वाक्य खोटं सापडता कामा नये. तुमच्याइतकं वाक्य कोणाला कळतं?"

बाई सुखावल्या. कोणाला सांगितलं नसतं त्यांनी, पण सुखावल्या. अहवाल घेऊन खिडकीशी बसल्या आणि एकेका वाक्यापुढे बारीक खूण करत गेल्या. ग्रंथालयात इतकी पुस्तकं, खरं. प्रत्येक खोलीला खिडकी, खरं. सतरावं वाक्य होतं: 'विद्यार्थी वा कर्मचारी यांच्याकडून नोंदवल्या गेलेल्या प्रत्येक तक्रारीचा अंतिम निकाल चौदा दिवसांत देण्यात आला आहे.'

आठ वर्षं त्या वाक्यापुढे त्यांनी खूण केली होती. या वेळी माल्विनाची आठवण झाली. तिची नोंद बघावी, तारीख बघावी, म्हणून बाई उठून शेजारच्या कार्यालयात गेल्या. दुसरं काही त्यांच्या मनात नव्हतं.

कार्यालयात गेनोव्हेफाबाई. तीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेल्या, खुर्चीला त्यांचा आकार आलेला. सगळं कॉलेज त्यांना गेन्याबाई म्हणे.

"गेन्याबाई, तक्रारींची वही द्या जरा."

"कशाला हो?"

"बघायचीय."

गेन्याबाईंनी कपाटाच्या तळातून वही काढली. जाड, हिरव्या पुठ्ठ्याची, दोरीने शिवलेली, शेवटच्या पानावर पानांची संख्या आणि लाखेची मोहोर. बाईंनी उघडली. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. बाई मागून पुढे आल्या, पुढून मागे गेल्या. पानं एकमेकांना चिकटलेली होती, नव्या वहीची असतात तशी. मोहोरेवरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती.

"ही नवी आहे. जुनी द्या."

"हीच जुनी, बाई. दुसरी नाही."

"यात काहीच नाही."

"नाहीच. आपल्याकडे शांतता असते," गेन्याबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, अभिमान होता.

"बावीस तारखेला एक मुलगी आली होती. उंच. कागद घेऊन."

"आली होती की. गोड पोरगी. बसवलं मी तिला."

"आणि?"

"आणि काय? चहा दिला. मुरंब्याचा पाव दिला. उपाशीच दिसत होती. रीतच आहे आपली, कागद घेऊन आलं की आधी बसवायचं, चहा द्यायचा, बोलायचं. 'बाळ, नोंद झाली की ती पुसता येत नाही, पुढे नोकरीला जाशील तिथेही विचारतील.' पेला संपेपर्यंत त्यांचं त्यांनाच कळतं. कागद पिशवीत जातो. मी कोणाच्या हातातून कधी ओढून घेतलेला नाही, शपथेवर सांगते."

"आणि जे चहा पिऊनही ऐकत नाहीत?"

"त्यांना सांगते, कागदावर डीनसाहेबांचा शिक्का हवा. डीनसाहेब सांगतात, शिक्क्याला नोंदीचा क्रमांक हवा. दोन फेऱ्यांत मऊ होतात."

"किती जण, गेन्याबाई? या वर्षी."

गेन्याबाई बोटांवर मोजू लागल्या. माणसं त्यांच्या लक्षात नव्हती, पाव होते. "एका पेटीत बारा येतात. या वर्षी साडेपाच पेट्या संपल्या. त्यातले चारपाच मीच खाल्ले असतील, खोटं कशाला बोलू. साठ धरा."

"आणि पावातला मुरंबा?"

"तो झेप्कासरांचा. दर हिवाळ्यात दोन बरण्या पाठवतात कार्यालयाला. मनाचा मोठा माणूस."

टेबलाच्या कोपऱ्यात एक पाव होता. अर्धवट खाल्लेला. आतून काळपट, चकचकीत मुरंबा बाहेर आला होता आणि त्यात एक गांधीलमाशी रुतून पाय हलवत होती. बाई बघत राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं, की नाताळाच्या आधी झेप्का सगळ्या सहकाऱ्यांच्या दारात एकेक बरणी ठेवतो, तशी त्यांच्याही ठेवतो. त्या बरणीला केक म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्या गर्वाच्या यादीत ती आली नव्हती. आठ हिवाळे त्यांनी तो मुरंबा पावाला लावून, डोळे मिटून, चवीने खाल्ला होता. चांगला लागायचा. गुठळी नसायची. ढवळणारे हात पुष्कळ असले की गुठळी होत नाही.

पण मुरंब्याहून वाईट पुढेच होतं. एकतीस पोरांच्या समासात जे लाल पेन्सिलीने लिहिलं, ते त्यांना आता स्वतःच्या अक्षरात समोर दिसू लागलं. 'प्रत्येक तक्रारीचा निकाल लागतो' हे वाचून त्यांनी आठ वर्षं मनात धरलं होतं, की तक्रारी येत असणार, निकाल लागत असणार, कुठेतरी कोणाला तरी न्याय मिळत असणार. छप्पर बघून घरात माणसं धरली. दार उघडलं नाही. नापास करण्याजोगी चूक.

त्या डीनसाहेबांच्या खोलीत परत आल्या. दार लावलं.

"सतरावं वाक्य, डीनसाहेब."

"खोटं आहे?" ग्झेलाकने शांतपणे विचारलं.

खोटं नव्हतं. एकही नोंदवलेली तक्रार दाखवता येत नव्हती, जिचा निकाल चौदा दिवसांत लागला नाही.

"वही कोरी आहे."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"ओतिलियाबाई, तुमची सगळी मुलं प्रोफेसर आहेत." तो हसला, आणि त्या हसण्यात खरोखर आदर होता. तेच सगळ्यात किळसवाणं होतं. "मला पाच दिले होते तुम्ही त्या उत्तराला. आधीच्या डीनांनी तुमच्या सहीनंतर अहवालात आकडे घातले होते, आलेल्या तक्रारी इतक्या, निकाली इतक्या. खोटे आकडे, मला सापडलेही. मी आल्यावर आकडे काढले आणि वाक्य तेवढं ठेवलं. खोटं बोलायची गरजच काय? तुम्हीच शिकवलंत."

"मी ते चूक ओळखण्यासाठी शिकवलं, सेवेरिन."

"चूक कोणाची होईल? वाचणाऱ्याची. समितीतले लोक वाचतील आणि धरून चालतील की तक्रारी येतात. तो त्यांचा पेपर. नापास त्यांना करा."

"ती मुलगी आली होती. माल्विना."

"आली होती, पण नोंदवलं काही नाही. वाक्यात 'नोंदवल्या गेलेल्या' आहे, बघा. विधेय नीट निवडलंय मी." त्याने पेन पुढे केलं. "सही उद्या केलीत तरी चालेल. आणि तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत ना? मुदतवाढीचा कागद माझ्याकडेच येतो."

धमकी नव्हती ती. त्याने तीसुद्धा बेताची दिली होती.

बाई हिशेबी बाई. एवढं त्यांना लगेच कळलं, की 'प्रत्येक' पाडायला साठ जण लागत नाहीत, एक लागतो. एक नाव, एक नोंद, एक निकाल न लागलेला कागद. माल्विना होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहावर गेल्या तर खाट रिकामी. शेजारीण म्हणाली, ती बागेत गेलीय, परवापासून.

रूळ ओलांडून बाई त्या तुकड्याशी पोहोचल्या तेव्हा आधी वास आला. जळक्या साखरेचा, आणि त्याखाली कुजक्या फळांचा आंबट वास. झाडाखाली पातेलं, न्हाणीघरातल्या टबाएवढं. भोवती पाच मुली आणि दोन मुलगे, लाकडी वल्ह्यांसारखी ढवळणी घेऊन. प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत जांभळे. गांधीलमाश्यांचा नुसता घोंगाट. माश्या चावून दोन्ही डोळ्यांखाली सुजलेल्या एका मुलाने बाईंना पाहून मान खाली घातली. तो त्यांच्या एकतिसांतला होता.

प्रोफेसर झेप्का गंजीफ्रॉकात, आरामखुर्चीवर, पाय थंड पाण्याच्या घमेल्यात सोडून बसले होते. पोटावर गुणपुस्तिकांची चळत.

"अरे, ओतिलियाबाई! या, या. चाटून बघा, या वर्षी साखर कमी घातलीय." त्यांनी डाव पुढे केला. डावाला आधीच कोणीतरी चाटल्याची खूण होती.

"माल्विनाशी बोलायचंय मला."

"बोला की. गुणी मुलगी. जूनमध्ये जरा ताठ होती, आता हात कसा गोल फिरतो बघा."

माल्विनाने ढवळणं दुसरीच्या हातात दिलं आणि कुंपणापाशी आली. तळहाताला चिंधी बांधलेली. चिंधीवर जांभळं होतं की लाल, ते सांगता येत नव्हतं.

"कागद कुठे आहे तुझा?"

"चुलीत."

"दुसरा लिही. मी सोबत येते, मी उभी राहते, नोंद करून घेते. एक नोंद हवी फक्त."

"डॉक्टरबाई, आज संध्याकाळी सही मिळतेय मला."

"ही सही नाही, माल्विना. ही..."

"आईला काय सांगू, खाट का गेली?" मुलगी हळू आवाजात बोलत होती, पण नजर आता खाली नव्हती. "तुम्ही म्हणालात 'प्रत्येक'मध्ये तू आलीस. मी विचारलं होतं तुम्हाला, कोणाची बघितलीत म्हणून. तुम्ही गुणांचं बोललात. मी कार्यालयात बसून चहा प्यायले आणि मला कळलं की तुम्हालाच माहीत नाही. माझी काही तक्रार नाही. तुम्हाला एक हवी असेल तर दुसरीकडे बघा."

झेप्कांनी हाक मारली. "माल्विना, तळाला लागतंय बरं का."

ती गेली. बाई कुंपणाला धरून उभ्या राहिल्या आणि हात काढला तर तळवा चिकट. त्या बागेत सगळंच चिकट होतं, कुंपणाची तारसुद्धा. परत येताना गाडीत त्यांनी हात कशालाच लागू दिला नाही. मांडीवर उताणा ठेवून बसल्या, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

घरी आल्यावर फडताळातली बरणी काढली आणि पुठ्ठ्यात गुंडाळून कचऱ्यात टाकली. एवढ्याने बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. आठ बरण्या पोटात होत्या.

मग कागद घेऊन बसल्या. माल्विनाचं बरोबर होतं, साठ जणांतल्या एकाकडेही आता मागता येणार नव्हतं. सगळ्यांनी चहा प्यायलेला, सगळ्यांना सही मिळालेली. पण सतराव्या वाक्यात 'विद्यार्थी वा कर्मचारी' असं होतं. बाई कर्मचारी होत्या. तक्रार कोणाविरुद्ध? झेप्काविरुद्ध केली, तर ढवळणारे सातही जण म्हणतील, आम्ही आवडीने गेलो. डीनविरुद्ध केली, तर तो दाखवील की त्याचं एकही वाक्य खोटं नाही. ज्याच्याविरुद्ध पुरावा पक्का आहे, जो चहाने विरघळणार नाही, असा गुन्हेगार त्यांना अख्ख्या कॉलेजात एकच सापडला. त्यांनी लिहिलं:

'डॉ. ओतिलिया पिएत्शिक यांच्याविरुद्ध. सदर बाईंनी आठ वर्षं अहवालातल्या वाक्यापुढे तपासल्याची सही केली. आवक वही एकदाही उघडून पाहिली नाही. त्या वाक्याच्या भरवशावर एका विद्यार्थिनीला कार्यालयात पाठवून तिचं नुकसान केलं. चौकशी व्हावी, आणि आठ वर्षांत तक्रार घेऊन कोण कोण आलं याची यादी करावी. तक्रारदार: डॉ. ओतिलिया पिएत्शिक.'

एकोणतीस सप्टेंबरला सकाळी आठ वाजता त्या कार्यालयात उभ्या राहिल्या.

"बसा की, बाई. पाणी ठेवलंय चहाचं."

"बसत नाही. नोंद करा."

गेन्याबाईंनी कागद वाचला, दोनदा वाचला. "तुमचीच तुमच्यावर?"

"हो."

"असं कोणी करतं का? लोक हसतील."

"हसू देत. क्रमांक द्या."

"शिक्का नाही यावर."

"नियमावलीत शिक्का नाही. मी रात्री वाचली. तुम्ही वाचा हवी तर, मी थांबते." बाई थांबल्या. चहाचं पाणी उकळून आटलं तरी थांबल्या. एक तास दहा मिनिटांनी गेन्याबाईंनी हिरवी वही काढली, पहिलं पान तळव्याने दाबून सपाट केलं आणि एखाद्या स्वच्छ चादरीवर शाई सांडावी लागतेय असा चेहरा करून 'एक' लिहिलं.

ग्झेलाक कच्चा नव्हता. तीन दिवसांत निकाल आला. तक्रार मान्य, डॉ. पिएत्शिक यांना तोंडी समज देण्यात येत आहे, यादीची आवश्यकता नाही, प्रकरण बंद. बाईंनी तो सकाळीच कार्यालयातल्या वहीत वाचला होता; दुपारी त्याने बाईंना स्वतः बोलावून कागद हातात दिला.

"तीन दिवसांत. चौदा कुठे, तीन कुठे." तो खुशीत होता. "खरं सांगू, ओतिलियाबाई, मीच तुमचे आभार मानायला हवेत. वही कोरी म्हणजे जरा उघडं पडल्यासारखंच होतं. समितीने मागितली असती तर? आता एक आहे, आणि ती वेळेत निकाली. वाक्य आधी नुसतं खरं होतं, आता दिसायलाही खरं झालं."

बाईंनी निकाल पुन्हा वाचला. मग पिशवीतून दुसरा कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"अपील. रेक्टरकडे, तुमच्या वरच्यांकडे. तुमच्या कार्यालयामार्फत पाठवायचं असतं, म्हणून इथे देतेय. नोंद करून आले आधीच."

"शिक्षेविरुद्ध अपील? तोंडी समज दिलीय फक्त, बाई. कुठे नोंदली जातही नाही."

"म्हणूनच. फार सौम्य आहे. आठ वर्षांच्या खोट्या तपासणीला तोंडी समज? तक्रारदाराचं समाधान झालेलं नाही. आणि यादी नाकारली, त्याला कारण दिलेलं नाही."

ग्झेलाकने अपील उचललं. पहिल्यांदाच त्याचे डोळे बेताचे राहिले नाहीत. अपिलाला रेक्टर तीस दिवस घेतात, हे त्यालाही पाठ होतं. अपील असेपर्यंत निकाल अंतिम नसतो, हेही. आणि वाक्यात 'अंतिम' हा शब्द त्यानेच घातला होता, जास्त भारदस्त दिसतो म्हणून.

"मागे घ्या," तो म्हणाला.

"मी चहा घेत नाही."

"मुदतवाढ विसरा मग."

"विसरले."

मग त्याने अहवाल ओढून घेतला, पेन्सिल उचलली, आणि बाईंना दिसलं की तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा अजून कुठेतरी आत आहे, कारण त्याला अडलेलं गणित सोडवल्याशिवाय राहवत नव्हतं. त्याने सतराव्या वाक्यात 'प्रत्येक'च्या आधी काहीतरी बारीक लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"'एक तक्रार वगळता प्रत्येक तक्रारीचा अंतिम निकाल चौदा दिवसांत.' हे खरं आहे. यावर तुम्हाला सही नाकारता येणार नाही."

"नाही येणार," बाई म्हणाल्या. "पण ते वाचून समिती लगेच विचारील, ती एक वगळून उरलेल्या किती? तेव्हा वही काढावी लागेल."

पेन्सिल थांबली.

"आजवर कोणी वही मागितली नाही, कारण कोणाला अपवाद सापडला नाही," बाई म्हणाल्या. "अपवाद लिहिला की माणूस बाकीचे मोजतो. मीसुद्धा मोजले असते."

"मग काय लिहू?" त्याने विचारलं. खरंच विचारलं.

"आहे ते लिहा. अकरा वर्षांत एक तक्रार नोंदवली गेली. ती कर्मचाऱ्याची आहे. तिचा निकाल लागलेला नाही. तीन वाक्यं होतील, 'प्रत्येक' एकातही लागणार नाही."

त्याने लिहिलं नाही. पेन्सिल खाली ठेवली, गेन्याबाईंना आत बोलावलं आणि सतरावं वाक्य अहवालातून काढून टाकून पुढचे क्रमांक बदलायला सांगितले. बासष्ट वाक्यं.

"आता?" तो बाईंकडे वळला. "आता सगळी खरी आहेत."

बाईंनी अहवाल घेतला. पुन्हा खिडकीशी बसल्या. पहिल्या वाक्याशी आल्या, ग्रंथालयात इतकी पुस्तकं, आणि पेन खाली ठेवून उठल्या.

"कुठे निघालात?"

"ग्रंथालयात. मोजायला."

"बाई, चौदा हजार आहेत ती."

"मग उशीर होईल," ओतिलियाबाई म्हणाल्या. "आणि त्यानंतर प्रत्येक खोलीची खिडकी बघायचीय. किल्ल्या द्या, गेन्याबाई."

गेन्याबाईंनी डीनसाहेबांकडे पाहिलं. डीनसाहेबांनी कुठेच पाहिलं नाही. शेवटी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर सरकवला, बाईंच्या हाताला हात लागणार नाही इतक्या लांबून.